भार पडताच विझणारे यंत्र



कामगारांच्या संघटनेत उमर घालवलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत खेळाच्या संगणकावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे आईबाप आज मुलाला हे यंत्र हप्त्यांवर घेऊन देतात. त्यावर पत्र लिहा, चित्रपट पाहा, ते दिवसभर चालते. जड खेळ सुरू केला की थोड्याच वेळात विझते. मग कोणी सांगतो, "ग्राफिक्स कार्ड गेले, नवे घ्या." खेळाच्या संगणकात बहुधा हाच नग सर्वांत महाग असतो. पगाराचा पैसा असा अंदाजाने जाऊ नये, एवढ्यासाठी मी हा विषय घेतला आहे.

यंत्राला दोन गोष्टी लागतात: वीज पुरेशी आत यावी आणि उष्णता बाहेर जावी. पत्र लिहिताना असा संगणक शंभरएक वॉटमध्ये भागवतो. खेळात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही राबू लागले की मागणी तीनशे ते पाचशे वॉटपर्यंत चढते. दोहोंपैकी काही कमी पडले की आतली संरक्षक योजना यंत्र बंद करते. कारखान्यात मोटारीचा ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, त्यातलाच हा प्रकार. जाणता कामगार अशा वेळी रिले बांधून ठेवून मोटार रेटत नाही. भार कशाने वाढला ते शोधतो.

तेव्हा प्रथम बंद पडण्याची रीत पाहावी. उष्णतेचा दोष असेल तर पंखे ओरडू लागतात, चित्र अडखळते. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ आला की आधी आपला वेग उतरवतो आणि तरीही निभले नाही तर थांबतो. विजेचा दोष असेल तर पूर्वसूचना सहसा मिळत नाही. दिवा मालवावा तसे सारे एका क्षणात काळोखते. विंडोजच्या नोंदवहीत तेव्हा 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते. पुष्कळांना तोच रोग वाटतो. ती नोंद इतकेच सांगते की यंत्र रीतसर बंद झाले नाही. कामगार तीन वाजता गेला हे हजेरीपटावरून कळते, का गेला ते कळत नाही.

आता तपास. तपमान दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. खेळताना आकडे कागदावर मांडा. आकडे चढत असतील तर यंत्र बंद करून, प्लग काढून, कॅबिनेट उघडा आणि पंख्याची पाती बोटाने धरून धूळ उडवा. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांनी हे अधिक वेळा करावे. प्लॅस्टरची आणि शाडूची बारीक भुकटी जाळ्यांत बसते. यंत्र जुने असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलावी.

आकडे ठीक असूनही यंत्र विझत असेल तर विजेकडे वळा. रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने वर गेले की भिऱ्याला टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ सालापासून आहे. पण वीज जवळ तयार होते म्हणून ती आपल्या यंत्रापर्यंत धड पोहोचतेच असे नाही. संगणक ६०० व्हीएच्या लहान यूपीएसवर असेल, तर तो बहुधा ३६० वॉटच देतो. म्हणून परीक्षेपुरता संगणक भिंतीतल्या घट्ट, अर्थिंग असलेल्या सॉकेटला थेट जोडा. मग फक्त प्रोसेसरवर भार द्या, नंतर फक्त ग्राफिक्स कार्डावर, शेवटी दोहोंवर. एकेकटे चालून दोन्ही मिळून विझले, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस दोन तास लावून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत जीवघेणी वीज राहू शकते.

पेटीवरचा मोठा आकडाही पुरेसा नाही. शेजारी १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. पेटीवर ४५० असून त्या रांगेत २५ अँपिअर असतील, तर १२ गुणिले २५, म्हणजे कामाचे वॉट ३००. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच रांगेवर जगतात.

येथे मला आमच्या क्षेत्राची आठवण होते. लोक दिसणाऱ्या नगावर मनसोक्त खर्च करतात आणि सर्वांना पोसणाऱ्या पेटीवर काटकसर करतात. मग भार पडला की दोष राबणाऱ्याच्या माथी मारतात. कारखान्यात मी हे तीस वर्षे पाहत आलो आहे. जो थांबला त्याला दोष देण्यापूर्वी त्याला पुरेसे मिळत होते का, हे विचारावे. माणसाच्या बाबतीतही आणि यंत्राच्या बाबतीतही.

तरी नवे कार्ड घेण्याआधी हा तपास करा, आणि जे घ्याल त्याचे पक्के बिल व वॉरंटीचा कागद मागून घ्या.