मोटरच्या आधी दाराचा तोल

अमेरिकेत स्वतंत्र घरात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या दोन गाड्यांच्या गॅरेजला बहुधा 16 फूट रुंद आणि 7 फूट उंच असं एकच दार असतं. छताला टांगलेली जुनी मोटर थकली की विक्रेते हल्ली दाराच्या बाजूला, भिंतीवर बसणारी मोटर सुचवतात. रुंद दाराला ती चांगली, असंच माझं मत आहे. मात्र तिच्यावर पैसे घालण्याआधी दाराचा तोल तपासून घ्यायला हवा.

दाराच्या वर एक आडवा शाफ्ट असतो. त्यावर पिळाच्या स्प्रिंगा, दोन्ही टोकांना ड्रम, आणि ड्रमवरून खालच्या कोपऱ्यांपर्यंत गेलेल्या केबल. दीड-दोनशे पौंडांचं दार खरं तर या स्प्रिंगाच पेलतात. मोटरला उरलेला थोडा भार उचलायचा असतो. छताची मोटर सगळ्यात वरच्या पॅनेलला मधोमध धरून ओढते. 16 फुटांच्या पत्र्याला मागून आडवी लोखंडी पट्टी नसेल, तर तो मध्ये वाकतो आणि कालांतराने चिरतो. बाजूची मोटर शाफ्टच फिरवते, त्यामुळे दार दोन्ही कडांनी उचललं जातं. छत मोकळं राहतं, वरच्या बेडरूममध्ये घरघर जात नाही. भारतातल्या दुकानांच्या शटरलाही बाजूची मोटर असते, पण तिथे अख्खं शटर शाफ्टभोवती गुंडाळलं जातं. इथे गुंडाळली जाते फक्त केबल, आणि खरी मेख तिथेच आहे.

केबलने ओढता येतं, ढकलता येत नाही. छताची मोटर दार खाली रेटू शकते. बाजूची मोटर केबल सोडत जाते आणि दार स्वतःच्या वजनाने उतरतं. स्प्रिंग जास्त ताणलेली असली किंवा एखादा रोलर रुळात अडला, तर दार थबकतं, सैल झालेली केबल ड्रमवरून निसटते आणि दार तिरपं होऊन अडकतं. अशा वेळी मोटर थांबवणारा, केबलचा ताण पाहणारा सेन्सर सोबत मिळतो. तो बसवल्याशिवाय काम संपलं असं मानू नका. तोल पाहणं सोपं आहे. दार बंद असताना मोटरची तांबडी दोरी ओढून मोटर दारापासून सोडवा, दार हाताने कमरेपर्यंत उचला आणि हात अलगद सैल करा. तिथेच राहिलं तर ठीक. खाली घसरलं किंवा वर पळालं, तर स्प्रिंगा जाणत्या कारागिराकडूनच जुळवून घ्या, कारण त्यांच्या पिळात हात मोडण्याइतकी ताकद साठलेली असते. साध्या स्प्रिंगा सुमारे 10,000 उघडझापींसाठी बनवतात. रोज चार धरल्या तर सात वर्षंही पुरी होत नाहीत. म्हणून जुन्या स्प्रिंगांवर नवी मोटर चढवणं मला पटत नाही.

जास्त ताकदीची मोटर घेतली की झालं, असं काहीजण म्हणतात. पण उतरताना ती ताकद उपयोगाची नाही, आणि चढताना ती बिघाड फक्त झाकून ठेवते. बाजूची मोटर महाग पडते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. वर बेडरूम नसेल आणि छताची जागा नको असेल, तर पॅनेलला पट्टी लावून छताची पट्ट्यावर चालणारी मोटर खुशाल घ्या. रुळांलगत ताणल्या जाणाऱ्या लांब स्प्रिंगा असतील किंवा दार एकसंध असेल, तर बाजूची मोटर चालतच नाही.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. 2017च्या वणव्यांत वीज गेल्यावर कॅलिफोर्नियात अनेकांना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि 1 जुलै 2019पासून घरगुती दाराच्या नव्या मोटरला बॅटरी सक्तीची झाली. तुमच्या राज्यात सक्ती नसली तरी बॅटरी घ्याच. पण तिची शक्ती बेताची. स्प्रिंगांनी न पेललेलं दार तिला झेपणार नाही. कारागीर घरात असतानाच मोटरचा प्लग काढा आणि दार एकदा पूर्ण वर, एकदा पूर्ण खाली करून दाखवायला सांगा.