अन्नपूर्णेची प्रदक्षिणा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



प्रवासातील गमतीजमती सांगाव्या, अशी चिटणीसांची आम्हांस आज्ञा आहे. गमती पुष्कळ घडल्या. परंतु सांगावयाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती सांगताना आम्हां पाचही जणांस अवघडल्यासारखे होते. तरी ऐकून घ्यावे.

सन २०२३ च्या ऑक्टोबरात, दसरा आटोपून, आम्ही नेपाळात गेलो. अन्नपूर्णा हे एकच शिखर नव्हे, ती शिखरांची माळ आहे. मुख्य शिखर ८०९१ मीटर उंच. आठ हजार मीटरांवरील शिखरांपैकी मानवाने प्रथम पादाक्रांत केले ते हेच. मॉरिस एर्झोग व लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक ३ जून १९५० रोजी माथ्यावर पोहोचले आणि हिमदंशाने पायांची बोटे गमावून परतले. आमचा बेत अर्थातच शिखराचा नव्हता. या पर्वतसमूहाला वळसा घालणारी एक वाट आहे. ती मर्स्यांगदी नदीच्या काठाने चढते, ५४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड ओलांडते आणि काली गंडकीच्या खोऱ्यात उतरते. वाटेवरील मनांगचा मुलुख परकीय प्रवाशांस १९७७ साली खुला झाला. आता दोन्ही बाजूंनी मोटाररस्ता पुष्कळ वरपर्यंत गेला आहे. जुने पदयात्री त्याबद्दल हळहळतात. पण तेथील गावकऱ्याच्या आजारी आईला रस्ता नको की काय?

आमच्याबरोबर एक वाटाड्या होता आणि दोन भरिये होते. भरिया म्हणजे ओझे वाहणारा. चामे गावापर्यंत पाइनची दाट झाडी, पुढे पिसांगपासून ती विरळ होत जाते, आणि मनांगला पोहोचावे तो समोर गंगापूर्णेची हिमनदी थेट तळ्यापर्यंत उतरू पाहत असते. मनांग सुमारे साडेतीन हजार मीटरांवर आहे. तेथे दोन दिवस मुक्काम केला, कारण शरीराला विरळ हवेची सवय होण्यास वेळ द्यावाच लागतो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे तेथे मदतकेंद्र आहे. तेथील डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही वहीत उतरून घेतले : तीन हजार मीटरांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज तीनशे ते पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, डोके दुखू लागल्यास लपवू नये, आणि चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असो की पाऊस, तत्काळ खाली उतरावे.

आम्ही हे नियम निष्ठेने पाळले. सकाळ-संध्याकाळ एकमेकांस विचारीत असू, "काय, डोके कसे आहे?" बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे लिहीत असू. कागदावर पाच रकाने होते, पाच नावांचे.

याकखर्कापासून धाकटा भरिया मागे पडू लागला. वीस-बाविशीचा पोरगा, तराईलगतच्या सखल डोंगरांतला. आम्ही कुरकुरलो, ती त्याच्यासाठी नव्हे. आमच्या गरम कपड्यांची पिशवी उशिरा येते म्हणून कुरकुरलो. नेपाळी माणूस म्हणजे जन्मतःच पहाडी, त्याला उंचीचे काय, अशी आमची भाबडी समजूत होती. वस्तुतः सखल भागातील भरियास हवा तितकीच विरळ लागते जितकी आपणांस. शिवाय पाठीवर ओझे त्याच्याच असते.

थोरोंग फेदीला, सुमारे साडेचार हजार मीटरांवर, तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून राहिला. डाळभात समोर तसाच. वाटाड्याने त्यास उठवून, टाचेला बोट लावीत सरळ रेषेत चालावयास सांगितले. चौथ्या पावलास तो भिंतीवर गेला. तीन दिवस डोके दुखत होते, असे मग त्याने सांगितले. आधी का बोलला नाहीस, यावर त्याचे उत्तर असे की, परत पाठविले तर उरलेल्या दिवसांची मजुरी जाईल.

सन २०१४ च्या ऑक्टोबरात, हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटाने याच खिंडीत आणि आसपास अकस्मात प्रचंड हिमवर्षाव झाला व चाळीसांहून अधिक माणसे दगावली. त्यांत परदेशी यात्रेकरूंबरोबर वाटाडे आणि भरियेही होते. हे सारे आम्ही घरून निघण्यापूर्वी वाचले होते, परस्परांस वाचूनही दाखविले होते.

आमच्या औषधांच्या डब्यातील गोळ्या पाच जणांच्या हिशेबाने भरलेल्या होत्या. त्या डब्यातले औषध त्यास दिले, आणि रात्री आठ वाजता विजेरीच्या उजेडात त्याला खाली नेण्याचे ठरले. कोणी जावयाचे? येथे क्षणभर शांतता पसरली, ती लपविण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खिंड, पलीकडे मुक्तिनाथ. त्यासाठीच तर वर्षभर पैसे साठविले होते. आमच्यातील एक बंधू, व्यवसायाने औषधविक्रेते, काही न बोलता बुटांचे बंद बांधू लागले. तेच लॉजवरील एका माणसास बरोबर घेऊन गेले. अर्धे सामान फेदीलाच टाकावे लागले. त्यात घरून आणलेले चिवड्याचे डबेही होते. ते तेथील मंडळींनी आनंदाने संपविले असतील, अशी आशा आहे.

आम्ही चौघांनी पहाटे तीनला निघून खिंड ओलांडली. समुद्रसपाटीच्या तुलनेत तेथे निम्माच प्राणवायू असतो. दहा पावले टाकावी आणि उभे राहावे. माथ्यावर पताकांच्या माळा, वारा, छायाचित्र, आणि लगेच सोळाशे मीटरांची गुडघेमोड उतरण. मुक्तिनाथास १०८ धारांखाली स्नान केले. पाणी बर्फाचेच भावंड! विष्णूचे हे स्थान बौद्धांनाही तितकेच पूज्य आहे. जवळच ज्वालामाईच्या देवळात खडकातून निघणाऱ्या वायूची ज्योत जळते. खाली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम सापडतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे टेथिस समुद्र होता, त्यातील शंखधारी जीवांचे ते अश्मावशेष. देवघरातील शाळिग्राम समुद्रातला, हे कळूनही आमच्या भक्तीत काही उणे झाले नाही.

त्या खोऱ्यात थकाली समाज राहतो. त्यांच्यात 'ढिकुटी' नावाची पद्धत आहे : ठरावीक मंडळींनी ठरावीक रक्कम जमवावी आणि पाळीपाळीने एकेकाने ती उचलावी. थेट आपली भिशी! तीवर कित्येकांनी धंदे उभारले. आपल्या मंडळाच्या साह्यनिधीचे चालक येथे बसले आहेत, त्यांस हे ऐकून बरे वाटेल.

पोखऱ्यास आमचे बंधू भेटले. पोरगा याकखर्काला पोहोचेतो शुद्धीवर बोलू लागला, दुसऱ्या दिवशी घोड्यावरून मनांगला गेला आणि बरा झाला. त्याचे गाव, घरी किती माणसे, धाकटी बहीण कितवीत शिकते, हे सारे बंधूंस ठाऊक झाले होते. आम्ही नऊ दिवस त्यास नुसते 'भाई' म्हणत होतो. मजुरी पूर्ण दिली, हे सांगण्यात भूषण नाही.

बंधूंचे मुक्तिनाथ राहिले आहे, म्हणून पुन्हा एक तुकडी काढावयाची आहे. इच्छुकांनी भोजनोत्तर आमच्याकडे नावे द्यावीत. पाच जागा आहेत. औषधांची यादी आणि प्रकृतीचा तक्ता तयार आहे. त्यात रकाने आठ आहेत.