लष्करी अळीचं घड्याळ

मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसली की शेतकरी विचारतो, 'कोणतं औषध मारू?' मी उलट विचारतो, 'गेल्या पंधरवड्यात तुमच्याकडे गारवा किती होता?' कारण तिचं घड्याळ उबेवर चालतं.

ही मूळची अमेरिका खंडातली. मे २०१८ मध्ये ती भारतात प्रथम कर्नाटकात, शिवमोग्ग्याच्या मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिला सुप्तावस्था नाही, त्यामुळे कडक थंडीत ती तगत नाही. अमेरिकेत ती फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण भागात हिवाळा काढते आणि उन्हाळ्यात पुन्हा उत्तरेकडे उडते. आपल्या मक्याच्या पट्ट्यात मात्र तिचा नायनाट होईल अशी थंडीच पडत नाही.

कीटकाला अंगची ऊब नसते. साधारण १२ अंशांखाली या अळीची वाढ थांबते. त्यावरचा प्रत्येक अंश तिच्या खात्यावर जमा होतो. दिवसाची सरासरी २२ अंश असेल तर १० जमा, २७ असेल तर १५. फरक पाचच अंशांचा, पण वाढीचा वेग दीडपट! म्हणूनच उन्हाळ्यात तिची पिढी महिन्याभरात पुरी होते आणि थंडीत तिला ८० ते ९० दिवस लागतात.

आता अंडी. मादी कोषातून निघाल्यावर तीन-चार रात्रींनी अंडी घालू लागते आणि पुढच्या चार-पाच रात्रींत बहुतेक घालून मोकळी होते. एका मादीची अंडी सरासरी १५०० भरतात. एकेका पुंजात शंभर-दोनशे असतात आणि वरून मादीच्या पोटावरच्या खवल्यांचं मऊ पांघरूण असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती बुरशीच वाटते. २५ ते ३० अंशांच्या आसपास हे सारं जोरात चालतं आणि अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पारा ३५ च्या पुढे सतत राहिला तर पतंगाचं आयुष्य घटतं, अंडी कमी होतात आणि त्यांतली बरीचशी फुटतही नाहीत. अळी फार उष्णतेत वाढली तर कोष लहान होतो, आणि लहान मादीच्या पोटात अंडीही कमी.

एवढ्यावरून उन्हाळा आपलं काम करेल, असं मात्र धरू नका. बातम्यांत सांगतात तो पारा हवेतला असतो. पाणी दिलेल्या मक्यात, पानाच्या खालच्या बाजूला गारवा असतो, आणि पतंगांचं मीलन नि अंडी घालणं चालतं रात्री. दुपारी आपण घामाने भिजतो म्हणून रात्री तिचं काम थांबत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती: कामगंध सापळ्यात नर पतंग दिसू लागले आणि हवा उबदार असली की दुसऱ्याच सकाळपासून पोंग्याजवळची पानं उलटून बघा. मऊ पुंज दिसला की बोटांनी चिरडा. अळी पोंग्यात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.