साडीचोळी आणि सातबारा

मैत्रिणींनो, आमचं गाव हिंगणघाटजवळ. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन मी तिथे जाते. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, घरी ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात होतो. (पुण्याकडच्या बायकांना हे सुख ठाऊक नाही!) निघताना साडीचोळी मिळते. माहेर म्हणजे एवढंच, असं आपल्याला शिकवलेलं असतं.

वडील गेले त्या हिवाळ्यात भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. "ताई, सही फक्त पाहिजे. तुले काय कमी हाये?" काकू म्हणाली, सही दिली नाहीस तर माहेर तुटेल. मी दिली नाही. वहिनी सुट्टीभर बोलली नाही. तिचंही नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, हे तिला कोण सांगणार?

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती केली आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या वेळी वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र मात्र एकदा नोंदवलं की ते फिरवायला कोर्टाचीच पायरी चढावी लागते.

म्हणून या सुट्टीत गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे सातबारा आणि फेरफार बघा. आईचं नाव लागलंय का, तेही बघा. विधवेलाही वाटा असतो. आमच्या आईने तो अजून मागितलेला नाही.