धरणाखालच्या घरांचा कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कायद्यावर बोलणार म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत वाती वळायला घेतल्या गेल्या, हे मला दिसते आहे. खुशाल वळा, कान मात्र इकडे असू द्या.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. काम पुरे झालेले नसताना त्यात पाणी अडवले होते. जवानांनी रात्री वाळूची पोती रचून ते तोलून धरले, म्हणून लोंढा निदान दिवसाउजेडी आला. वाटेत त्याने खडकवासलाही फोडला. नदीकाठच्या पेठा बुडाल्या, आणि पूर ओसरल्यावर नळ कोरडे! मी तेव्हा परकरी पोर होते. वाड्यातल्या आडावर लागलेली घागरींची रांग अजून डोळ्यांपुढे आहे.

चौकशी झाली, अहवाल आला. पण धरणांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा व्हायला 2021 साल उजाडले. साठ वर्षे! पाणी हा राज्यांचा विषय, मग दिल्लीने कायदा करावा की नाही, हा वाद आड येत राहिला. धरणे काही वादासाठी थांबली नाहीत. 1979 साली गुजरातेत मोरवीजवळचे मच्छू धरण फुटले, 2019 साली चिपळूण तालुक्यातले तिवरे. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती.

या कायद्यात चांगले पुष्कळ आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर धरण तपासायचे. धोका उद्भवल्यास कोणी काय करायचे, याचा आराखडा जुन्या धरणांसाठीही पाच वर्षांत करायचा. तपासणीत अडथळा आणल्याने किंवा दिलेले निर्देश न पाळल्याने जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद.

पण दोन गोष्टी मला खटकतात. आपल्याकडची बहुतेक मोठी धरणे जलसंपदा खात्याची, आणि ती तपासणारी नाशिकची संघटनाही त्याच खात्याची. सासूनेच आमटी करायची आणि सासूनेच चव सांगायची! तपासणारा बाहेरचा हवा. दुसरे असे, की या कायद्याखालचा गुन्हा सरकारने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने तक्रार केली तरच न्यायालयात दाखल होतो. ज्या बाईचे घर वाहून गेले तिला थेट दार ठोठावता येत नाही. ही दोन कलमे संसदेने बदलली पाहिजेत.

हे काही दूरचे नाही. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, असे तिथल्या रहिवाशांचे म्हणणे होते. पुराची सूचना खालच्या लोकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था हवी, असे हाच कायदा सांगतो.

आपला भाग त्या आराखड्यात कुठे येतो आणि भोंगा वाजला तर म्हाताऱ्यांना न्यायचे कुठे, हे विचारणारा अर्ज मी लिहून आणला आहे. आमदार-खासदारांसाठी वेगळे पत्र आहे. दोन्ही कागद अल्पोपहाराच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा घेण्याआधी सह्या कराव्यात.