दुसऱ्या बहाराची तयारी

डिसेंबर सरत आला की मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागांत पाणी बंद असतं. झाडं ताणावर असतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात. नवख्याला वाटावं, बाग गेली. पण आंबिया बहार धरायचा तर ताण द्यावाच लागतो. जानेवारीत पाणी सुटतं, मग झाड फुलावर येतं.

नेमक्या याच दिवसांत कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागतो. जामसांवलीच्या हनुमान मंदिराच्या आसपास जी गावं आहेत, त्यांतल्या एखाद्या घरात मोबाइलवर एक आकडा उमटतो, ब्याऐंशी म्हणा, सत्त्याऐंशी म्हणा, आणि घर गप्प होतं. दोन दिवसांनी कुणीतरी तो शब्द काढतं : ड्रॉप. म्हणजे एक वर्ष पुन्हा याच परीक्षेला द्यायचं. आजचं हे बोलणं त्या घरासाठी आहे.

समजा, त्या घरातली मुलगी बी.कॉम. झालेली आहे. घरात मराठी, तीही नागपुरी वळणाची. शाळा हिंदी माध्यमाची. आणि परीक्षा इंग्रजीत. पहिल्यांदा तिने पाच महिने अभ्यास केला होता. आता तिला पुन्हा बसायचं आहे, आणि आजूबाजूचे सगळे तिला एकच सांगताहेत, ‘यंदा जास्त मेहनत कर.’ सल्ला मायेचा आहे, पण अपुरा आहे. तेच पुस्तक, तेच क्लास, तेच चुकण्याचे प्रकार, फक्त तास जास्त, असं झालं तर आकडाही तिथंच घुटमळतो.

आधी तो आकडा म्हणजे काय, ते पाहू. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. २०२४ ची कॅट आयआयएम कलकत्त्याने २४ नोव्हेंबरला घेतली. सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नाव नोंदवलं होतं, प्रत्यक्ष बसले सुमारे २ लाख ९३ हजार. त्यात ९९ पर्सेंटाइल याचा अर्थ, तुमच्या पुढे जवळपास २,९०० जण. ८७ पर्सेंटाइल याचा अर्थ, पुढे अडतीस हजार जण. हे ऐकून छाती दडपते. पण याच गोष्टीची दुसरी बाजू फार कमी घरांत बोलली जाते. त्या वर्षी पेपर ६८ प्रश्नांचा, २०४ गुणांचा होता, आणि अलीकडच्या काही वर्षांत निम्म्याहून कमी गुणांवर ९९ पर्सेंटाइल मिळालेलं आहे. म्हणजे निम्मा पेपर सोडून देणारा विद्यार्थी देशातल्या पहिल्या तीन हजारांत येऊ शकतो. दहावी-बारावीला एकही प्रश्न सोडायचा नाही, ही शिकवण आपण मुलांच्या हाडीमाशी रुजवलेली असते. या परीक्षेत तीच शिकवण आड येते.

पुन्हा परीक्षा देणं हे काही एकट्यादुकट्याचं दुर्दैव नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये कॅटचा पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली, आणि १५ फेब्रुवारी २००४ रोजी लाखावर मुलांना ती नव्याने द्यावी लागली. २००९ मध्ये कॅट पहिल्यांदा संगणकावर आली, यंत्रणा कोलमडली, आणि अडकलेल्यांसाठी जानेवारी २०१० मध्ये फेरपरीक्षा झाली. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०२३ च्या मार्चमध्ये काही केंद्रांवर तांत्रिक घोळ झाला. त्या मुलांची परीक्षा मेमध्ये पुन्हा घेतली. या फेरपरीक्षांत मुलांचा दोष नव्हता. पण त्या अनपेक्षित आठवड्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होताच.

तर सौंसरच्या या मुलीने सुरुवात कुठून करावी? माझं मत विचाराल तर नव्या पुस्तकापासून अजिबात नाही. स्वतःच्या जुन्या उत्तरपत्रिकेपासून.

कॅट झाल्यावर काही दिवसांत प्रत्येक उमेदवाराला त्याच्या लॉगिनमध्ये रिस्पॉन्स शीट दिसते : प्रश्न, आपण निवडलेला पर्याय, आणि पाठोपाठ बरोबर उत्तरांची यादी. बहुतेक जण ती एकदाच उघडतात, गुण मोजतात, हळहळतात आणि बंद करतात. ड्रॉप घेणाऱ्यासाठी त्याहून मोलाचं पुस्तक बाजारात नाही. तिने ती छापून घ्यावी आणि प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहावं, इथे काय घडलं. हा येतच नव्हता. हा येत होता, वजाबाकीत चुकला. याला हातच लावायला नको होता. आणि हा, सगळ्यात शेवटचा, सोपा होता आणि वेळच उरला नाही.

मग हिशेब मांडावा. बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला उणे १. जिथे उत्तर टाइप करायचं असतं, तिथे चुकलं तरी गुण कापत नाहीत. धरा, भाषेच्या विभागातले २४ पैकी २० बहुपर्यायी प्रश्न तिने सोडवले. ११ बरोबर, ९ चूक. तेहतीस उणे नऊ, चोवीस गुण. त्या नवांपैकी पाच प्रश्न तिने नुसते सोडून दिले असते तर एकोणतीस. एक अक्षरही नवं न शिकता पाच गुण. शिवाय त्या पाच प्रश्नांत गेलेली सात-आठ मिनिटं हातात राहिली असती, ती वेगळीच. पर्सेंटाइलच्या त्या दाटीत पाच गुणांनी हजारो जण मागे पडतात.

डेटा आणि लॉजिकच्या विभागात तर सोडून देण्याची कला हीच निम्मी परीक्षा आहे. चाळीस मिनिटं असतात. चार-पाच संच समोर येतात आणि त्यांत एखादा असा असतो की जो पंचवीस मिनिटं गिळतो आणि काही देत नाही. पहिल्यांदा बसणारा वरून खाली सोडवत जातो. दुसऱ्यांदा बसणारीने पहिली चार मिनिटं एकही उत्तर न देता फक्त संच वाचावेत आणि दोन-तीन निवडावेत. शेतकरी झाडावरची सगळी फळं ठेवत नाही. ज्याला आकार येणार नाही ते काढतो. घरच्या बागेत तिने हे पाहिलेलं असतं.

आता अभ्यासाची रीत. २००६ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला; काहींनी बंद करून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटलं : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. ड्रॉपच्या वर्षातला सगळ्यात मोठा फसवा आनंद याच पहिल्या पाच मिनिटांचा असतो. गेल्या वर्षीची वही उघडली की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर येणं यांत एका आठवड्याचं अंतर आहे. म्हणून वही बंद, कागद कोरा, घड्याळ लावलेलं. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, द्यायची ती अशी, आणि दोन तासांच्या मॉकवर निदान चार तास बसायचं. आठवड्याला पाच मॉक देऊन एकही न तपासणारी मुलं दमतात फार, पुढे फारशी सरकत नाहीत.

पण या मुलीच्या बाबतीत खरी गोष्ट भाषेची आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

भाषेच्या २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे असतात. उतारे चार. विषय कुठलाही : समुद्री जीव, जुन्या शहरांचं स्थापत्य, एखाद्या तत्त्वज्ञाचा युक्तिवाद. ‘एऑन’सारख्या वैचारिक नियतकालिकांतले उतारे कॅटमध्ये आलेले आहेत. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाने ही भाषा पंधरा वर्षं ऐकलेली असते. सौंसरच्या मुलीला व्याकरण येतं, शब्दही येतात. अडतं ते लेखकाचा रोख पकडताना. तो हे मत स्वतःचं म्हणून सांगतोय, की खोडून काढण्यासाठी दुसऱ्याचं मांडतोय? चुका बहुधा तिथे होतात. आणि सांगणारे तिला सांगतात, मराठी-हिंदी सोड, विचारही इंग्रजीत कर.

हा सल्ला मला पटत नाही. तिच्याजवळ तीन भाषा आहेत, ती अडचण नव्हे, अवजार आहे. रोज एक इंग्रजी लेख वाचावा, बंद करावा, आणि घरात जो असेल त्याला, आजीला सुद्धा, मराठीत चार वाक्यांत सांगावं : हा माणूस काय म्हणतो, कुणाच्या विरुद्ध म्हणतो, आणि कशाच्या आधारावर. आजीने ‘म्हणजे काय?’ असं विचारलं आणि उत्तर देता आलं नाही, तर लेख कळलेला नाही, इतकं स्वच्छ. आपल्या भाषेत जे सांगता येतं तेच कळलेलं असतं. इंग्रजीत इंग्रजी वाक्यं फिरवून समजल्याचा भास करता येतो. गणिताची सूत्रं तीन महिन्यांत बसतात. वाचनाची ही सवय बसायला आठ-दहा महिने लागतात, आणि तेवढे महिने ज्याच्याकडे आहेत तो म्हणजे दुसऱ्यांदा बसणाराच. ड्रॉपच्या वर्षाचा खरा फायदा कुठे असेल तर इथे आहे.

वर्षभर घरी बसायचं का? कॅटला वयाची अट नाही, किती वेळा द्यावी याचीही नाही. गुण एकाच वर्षापुरते चालतात. मुलाखतीत मात्र ‘मधल्या वर्षात काय केलं?’ हा प्रश्न येतोच. सौंसरजवळ बोरगावची औद्योगिक वसाहत आहे, रेमंडचा कापडाचा मोठा कारखाना तिथेच आहे. तिथे किंवा गावातल्या कर सल्लागाराकडे अर्धवेळ हिशेबाचं काम मिळालं, तर सांगायला काहीतरी खरं असतं आणि घरावर भारही पडत नाही.

एमबीएच्या इतर प्रवेश परीक्षांचे नियम निराळे आहेत, ते माहीत असलेले बरे. जीमॅट सोळा दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाचदा, आणि गुण पाच वर्षं चालतात. एनमॅटला एकाच हंगामात तीन संधी. महाराष्ट्रानेही एमबीए सीईटी २०२६ पासून वर्षात दोनदा घ्यायचं ठरवलं आणि दोन्हींतला चांगला निकाल धरायचं जाहीर केलं.

या सीईटीबाबत मात्र इकडच्या घरांत दरवर्षी एक गैरसमज होतो. आपण मराठी, नागपूर आपलंच, तेव्हा महाराष्ट्रातल्या जागा आपल्याला. तसं नाही. कर्नाटक सीमेवरच्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी भाषकांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत सोय आहे. सौंसर-पांढुर्ण्यासाठी ती नाही. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशातच आहे, आणि इथला विद्यार्थी महाराष्ट्रासाठी बाहेरच्या राज्याचा. कॅटला अशी राज्याची भिंत नाही. म्हणून, घराच्या जवळ राहून शिकायचं असेल तरी, या मुलीसाठी कॅटच जास्त मोकळी वाट आहे : आयआयएम नागपूर २०१५ मध्ये सुरू झालं, २०२२ च्या मेमध्ये मिहानमधल्या त्याच्या स्वतःच्या परिसराचं उद्घाटन झालं, आणि जामसांवलीहून ते भोपाळ-इंदूरपेक्षा कितीतरी जवळ आहे.

राहिला परीक्षेचा दिवस. कॅट तीन सत्रांत होते. पहिलं सकाळी साडेआठला सुरू होतं आणि केंद्रावर त्याच्या बरंच आधी पोचावं लागतं. इथून नागपूर साठ-सत्तर किलोमीटर. त्यात शहरातलं केंद्र कुठल्या टोकाला येईल ते प्रवेशपत्र हातात पडेपर्यंत कळत नाही. पहिल्या वर्षी पहाटे चारला उठून, बस पकडून, उपाशीपोटी पोचलेली मुलगी पहिल्या उताऱ्यावरच अडखळते आणि घरी येऊन म्हणते, पेपर कठीण होता. यंदा ती शनिवारीच निघेल. दुपारी जामसांवलीला दर्शन, संध्याकाळपर्यंत नागपुरात मावशीकडे. त्याच संध्याकाळी केंद्राचं फाटक एकदा प्रत्यक्ष पाहून येणं. पिशवीत प्रवेशपत्र आणि ओळखपत्र. आणि सप्टेंबरपासूनचा प्रत्येक रविवार तिने सकाळी साडेआठ वाजता मॉकला बसून काढलेला.