चुलीची राख आणि शहाळ्याचे पाणी

बचतगटाच्या आम्ही सगळ्याजणी आज तुमच्याशी पोटॅशियमबद्दल बोलणार आहोत. नाव शाळेच्या पुस्तकातले वाटते, पण वस्तू आपल्या चुलीत, माडाच्या आळ्यात आणि आपल्या अंगातही आहे. खताच्या पोत्यावर तिलाच पालाश म्हणतात.

पोटॅशियम हा चांदीसारखा चकचकीत आणि सुरीने कापता येईल इतका मऊ धातू आहे. पाण्यात टाकला तर पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. त्यामुळे निसर्गात तो कधी एकटा सापडत नाही. खडकात, मातीत, समुद्राच्या पाण्यात आणि झाडापेरात तो क्षाराच्या रूपात असतो. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली विजेच्या साहाय्याने तो पहिल्यांदा वेगळा काढला. पूर्वी लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून क्षार काढत. भांडे म्हणजे इंग्रजीत पॉट आणि राख म्हणजे ॲश. त्यावरून पोटॅश आणि पुढे पोटॅशियम हे नाव पडले.

आपल्या आज्या राखेने भांडी घासत. ओली राख बोटांना बुळबुळीत लागते आणि तेलकटपणा काढते, तो याच क्षाराचा गुण. गढूळ पाण्यात फिरवायच्या तुरटीत आणि फटाक्यांच्या दारूतल्या सोऱ्यातही पोटॅशियम असते. पूर्वी विहिरीत टाकायची जांभळी पूड, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, हीसुद्धा त्याच घरातली.

आता माडाकडे वळू. आपल्याकडे किनाऱ्याला पुळणीची रेती आणि वर जांभ्याची माती. त्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात पालाश धुपून जातो. माडाला तर इतर अन्नापेक्षा पालाशच जास्त लागतो. तो कमी पडला की खालच्या जुन्या चुडतांची पाती टोकाकडून आणि कडेने पिवळी पडून करपतात, नारळ कमी धरतात. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या शिफारशीत मोठ्या माडाला वर्षाला १२०० ग्रॅम पालाश सांगितला आहे. म्हणजे साधारण दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. हे खत आपल्या देशाला बहुतेक सगळे बाहेरून आणावे लागते, म्हणून ते महाग पडते.

मग घरातला पालाश का फुकट घालवायचा? गॅस आला तरी पाणी तापवायची चूल अजून पेटतेच. ती राख उकिरड्यावर, पावसात टाकू नका. भिजली की पालाश वाहून गेला. डब्यात कोरडी साठवा आणि पावसाचा जोर ओसरल्यावर आळ्यात घाला. नारळाच्या सोडणांतही पालाश भरपूर असतो. ती आळ्याभोवती पुरली तर ओलही धरून ठेवतात. मात्र राख आणि युरिया एकत्र कालवू नका, युरियातला नत्र हवेत उडून जातो. प्लास्टिक जाळलेली राख तर नकोच. आणि राख किती, खत किती, हे अंदाजाने ठरवू नका. माती तपासून मृद आरोग्य पत्रिका घ्या, तिच्यात पालाशचा आकडा असतो.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूबाई डायलिसिसवर होत्या. आम्ही भेटायला गेलो, प्रत्येकीने दोन-दोन शहाळी नेली. सूनबाई कचरली, तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, "शहाळ्याचा पाणी म्हणजे अमृत, ता कोणाक बाधता काय?" दोन दिवस त्या तेच प्यायल्या. तिसऱ्या दिवशी हातापायांतले बळ गेले, नाडी अडखळू लागली. रक्तात पोटॅशियम वाढले होते. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचल्या. आम्ही मायेनेच नेले होते, पण माहिती नव्हती.

पोटॅशियम स्नायूंना आणि हृदयाच्या ठोक्यांना लागतेच. धडधाकट माणसाने शहाळे, केळी, कडधान्य, पालेभाजी जरूर खावी. जास्तीचे पोटॅशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती अधू झाली की ते रक्तात साठते आणि हृदय थांबूही शकते. रक्तात ३.५ ते ५ एवढाच आकडा ठीक मानतात. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळे, फळांचा रस किंवा 'कमी सोडियमचे मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्या मिठात पोटॅशियमच घातलेले असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते, तेही विचारून घ्या. अशा रुग्णाची भाजी चिरून, उकडून, ते पाणी टाकून द्यावे.

उलट जुलाब झाले की पोटॅशियम अंगातून निघून जाते. ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते ते त्यासाठीच. नुसत्या साखर-मिठाच्या पाण्यात ते नसते. आशाताईंकडून दोन पाकिटे आणून घरात ठेवा.

तर बायांनो, पुढच्या बैठकीला दोन कामे करूया. कोणाकडे किती राख साठते ते विचारूया. आणि आपल्या वाडीत मूत्रपिंडाचे आजारी कोण आहेत, त्यांच्या घरी ही गोष्ट सांगून येऊया. भेटायला जाताना शहाळे नको, चार शब्द मायेचे पुरे. येतो आम्ही, नमस्कार!